म्हणी वेचणारा ख्रिस्तसेवक : रेव्हरंड योहान गोटलीप ख्रिस्टालर

पन्नासाव्या दिवसाच्या सणी यरुशलेमेत जे घडले ते आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. नाना देशांचे लोक तेथे जमले होते आणि प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्मभाषेत ऐकिली. त्या दिवशी जे एका घटकेत पवित्र आत्म्याच्या योगे झाले, तेच पुढे ख्रिस्ताच्या सेवकांस पिढ्यान्‌पिढ्या श्रमाने, धीराने व पुष्कळ अश्रूंनी साधावे लागले आहे. परक्या लोकांची भाषा शिकणे हे काम दिसावयास लहान. त्याची वार्ता फार थोड्यांच्या कानी जाते. परंतु ज्यांनी ते मन लावून केले त्यांच्या श्रमांचे फळ शंभर वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी राहते. अशा एका सेवकाचे चरित्र आज सांगावयाचे योजिले आहे. त्यांचे नाव रेव्हरंड योहान गोटलीप ख्रिस्टालर. पश्चिम आफ्रिकेत पूर्वी ज्यास सुवर्णकिनारा म्हणत व 1957 साली स्वतंत्र झाल्यापासून ज्यास घाना म्हणतात, त्या देशातील त्वी भाषेचे ते थोर अभ्यासक होत.

जन्म व शिक्षण

जर्मनीच्या दक्षिणेस व्युर्टेंबर्ग नावाचा प्रांत आहे. तेथे श्टुटगार्ट शहराजवळ विनेंडेन हे लहानसे गाव. त्या गावी 19 नोव्हेंबर 1827 रोजी एका साध्या कुटुंबात ख्रिस्टालर यांचा जन्म झाला. या प्रांतातील लोक कष्टाळू व भाविक असत. घरोघरी शास्त्रवाचन चाले आणि दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांची पत्रे प्रार्थनासभांत वाचून दाखवीत. तरुणपणी त्यांनी लेखनिकाचे काम केले. अक्षर न् अक्षर तपासून लिहावयाचे, एका शब्दाचीही चूक होऊ द्यावयाची नाही, ही सवय त्यांस लागली व ती जन्मभर उपयोगी पडली. भाषांची आवड त्यांस मुळातच होती.

1848 साली ते स्वित्झर्लंडातील बासेल येथील मिशनशाळेत दाखल झाले. बासेल मिशन हे नाव आपल्यास अगदी परके नाही. 1815 साली स्थापन झालेल्या याच मंडळीने आपल्या दक्षिणेस मंगळूर, धारवाड व हुबळी येथे काम केले. आपल्या पुष्कळ घरांवर जी मंगळुरी कौले दिसतात, त्यांचा धंदाही मंगळुरात याच मिशनने सुरू केला. कानडी भाषेचा मोठा कोश करणारे किटेल साहेब व मल्याळम् भाषेचा कोश करणारे गुंडर्ट साहेब हेही बासेल मिशनचेच. जेथे जावे तेथील भाषा मुळापासून शिकावी, हा या मंडळीचा बाणा होता, आणि ख्रिस्टालर त्याच मुशीत तयार झाले.

कबरींचा देश

1853 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांस सुवर्णकिनाऱ्यावर धाडण्यात आले. तेथे जाणे म्हणजे काय हे त्या काळी सर्वांस माहीत होते. बासेल मिशनचे पहिले चार सेवक 1828 साली तेथे उतरले. त्यांपैकी तिघे 1829 सालीच तापाने मरण पावले व चौथा 1831 साली गेला. 1832 साली आणखी तिघे गेले. त्यांतील दोघे लवकरच वारले आणि आंद्रेआस रीस हे एकटेच उरले. तेही मरणाच्या दारी पोहोचले होते, परंतु तेथील एका वैदूच्या औषधोपचाराने वाचले. ज्या लोकांस शिकवावयास आपण आलो, त्यांच्याच हातून प्राणदान मिळाले, ही गोष्ट पुढच्या सेवकांनी ध्यानात ठेवण्याजोगी होती.

रीस साहेब 1835 साली किनारा सोडून आक्वापेम डोंगरावरील आक्रोपोंग गावी राहावयास गेले. पुष्कळ वर्षे एकही मनुष्य ख्रिस्ताकडे आला नाही. शेवटी 1843 साली वेस्ट इंडीज बेटांतील काही आफ्रिकी वंशाची ख्रिस्ती कुटुंबे तेथे आणून वसविली, तेव्हा कामास स्थैर्य आले. कृष्णवर्णी मनुष्यही पुस्तक वाचतो व प्रभूचे नाव घेतो, हे आक्रोपोंगच्या लोकांनी तेव्हा आपल्या डोळ्यांनी पाहिले. 1848 साली तेथे उपदेशक व शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली. ख्रिस्टालर याच गावी येऊन राहिले. या शाळेत शिकविणे व लोकांची भाषा शास्त्रशुद्ध रीतीने शिकून तीत पवित्र शास्त्र आणणे, ही दोन कामे त्यांच्याकडे आली.

परक्याचे डोळे

त्वी लोकांत एक म्हण आहे. तिचा भाव असा की, परक्या पाहुण्याचे डोळे मोठे मोठे असतात, तरी गावात काय आहे ते त्यास दिसत नाही. ख्रिस्टालर यांची पहिली वर्षे या म्हणीचा अर्थ शिकण्यातच गेली असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्वी भाषा वरवर सोपी वाटते, परंतु तिची खरी अडचण कानाची आहे. आपल्या मराठीत शब्द उंच स्वरात म्हटला काय किंवा खाली म्हटला काय, अर्थ पालटत नाही. त्वी भाषेत तो पालटतो. पापा ही दोनच अक्षरे घ्या. स्वराच्या चढउताराप्रमाणे त्यांचा अर्थ चांगला असा होतो, बाप असा होतो, आणि पंखा असाही होतो. ज्याने कान तयार केला नाही तो उपदेशक स्वर्गीय बापाविषयी बोलावयास उठेल आणि ऐकणारे पंख्याचा विचार करीत बसतील! शिवाय या भाषेत नाकातून उच्चारावयाचे स्वर आहेत. आपण अनुस्वाराने जे काम करितो त्यासारखीच काही खूण त्यांस हवी होती. रोमन लिपीतील पाच स्वरचिन्हे तर त्या भाषेस मुळीच पुरत नव्हती.

त्यांच्या आधी हान्स निकोलाय रीस यांनी त्वी भाषेचे एक लहान व्याकरण केले होते व त्याच्या 1854 सालच्या इंग्रजी आवृत्तीस म्हणींचा लहानसा संग्रहही जोडला होता. ख्रिस्टालर यांनी त्या पायावर पुढचे काम उभारिले. बर्लिन येथील पंडित लेप्सियस यांनी सर्व भाषांकरिता एक लेखनपद्धती सुचविली होती. तिच्या आधारे त्यांनी प्रत्येक स्वरास योग्य खूण ठरविली. पुढे आपल्या व्याकरणात व कोशात त्यांनी चढउतारही दाखविले. आफ्रिकेच्या भाषांकडे इतक्या बारकाईने पाहणारे विद्वान त्या काळी फारच थोडे होते.

गुरू कोण, शिष्य कोण

हे काम एकट्याचे नव्हते. आक्रोपोंगच्या शाळेत जे तरुण शिकत होते तेच भाषेच्या बाबतीत ख्रिस्टालर यांचे गुरू झाले. डेव्हिड असांटे, थिऑफिलस ओपोकू, जोनाथन पामर बेकोए व पॉल श्टाउट केटेकू ही त्यांतील मुख्य नावे होत. कोणता शब्द घरात चालतो व कोणता दरबारात, कोणता म्हाताऱ्या बाईच्या तोंडी शोभतो व कोणता बाजारात, हे पुस्तकांतून कळावयाचे नव्हते, कारण पुस्तके नव्हतीच. ते या तरुणांनी शिकविले. सकाळी वर्गात ख्रिस्टालर शिक्षक व हे विद्यार्थी. भाषांतराच्या मेजापाशी बसले म्हणजे हे शिक्षक व ख्रिस्टालर विद्यार्थी. एक डोके सभा भरवीत नाही, अशा अर्थाची म्हण त्वी लोकांत आहे. आपण पाचामुखी परमेश्वर म्हणतो त्यातलाच हा प्रकार होय.

देवाच्या कृपेने या श्रमांस लवकर फळ आले. चार शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये 1859 साली त्वी भाषेत छापून निघाली. 1858 साली प्रकृती खालावल्यामुळे ख्रिस्टालर यांस युरोपास परत जावे लागले होते. परंतु त्या सुमारास डेव्हिड असांटे स्वतः बासेल येथे शिकत होते, म्हणून दूरदेशीही भाषेचा जिवंत झरा आटला नाही. 1862 साली ते पुन्हा आफ्रिकेस आले. नवा करार 1864 साली पूर्ण झाला आणि स्तोत्रे व नीतिसूत्रे 1866 साली निघाली.

भाषांतर करणाऱ्यास शब्द शोधावे लागतात, आणि शब्द शोधता शोधता त्यास लोकांचे हृदय सापडते. पवित्र आत्म्याकरिता त्वी शास्त्रात जो शब्द आला तो श्वासाशी नाते सांगणारा आहे. इब्री व ग्रीक भाषांतील मूळ शब्दही तसेच आहेत. देवाकरिता नवा शब्द आणण्याची गरज पडली नाही. न्यामे हे नाव लोकांच्या ओठांवर आधीपासूनच होते. याच शब्दाचा दुसरा अर्थ आकाश असा आहे. या लोकांत एक म्हण अशी आहे की, लहान मुलास न्यामे कोठे आहे हे कोणी दाखवीत नाही. पाठीवर उताणे पडलेले मूल आपण होऊनच आकाश पाहते! काही मिशनरी अशा समजुतीने आले होते की येथे सर्व अंधारच आहे. ही म्हण ऐकून विचारी मनुष्याच्या लक्षात येते की देवाने आपणांस कोठेही साक्षीविना राहू दिले नाही. पौल व बर्णबा यांनी लुस्त्र येथे हेच सांगितले होते.

आबुरीची कबर

पवित्र शास्त्राचे काम असे भरात असतानाच घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. ख्रिस्टालर यांनी 1857 साली एमिली त्सीग्लर यांच्याशी विवाह केला होता. परक्या हवेत, आप्तांपासून दूर, त्या माउलीने संसार व सेवा ही दोन्ही चालविली. 1866 साली आबुरी येथे त्यांचा अंत झाला. स्तोत्रसंहिता त्वी भाषेत ज्या वर्षी छापली गेली तेच हे वर्ष. दुःखात पडलेल्या मनुष्याचे उद्गार ज्या ग्रंथात आहेत, तो ग्रंथ ज्याने दुसऱ्यांच्या जिभेवर ठेविला, त्यासच त्याच वर्षी त्याची गरज पडली.

त्वी लोक म्हणतात की मरणाची शिडी एकट्याच मनुष्याने चढावयाची नाही. त्या देशात मिशनऱ्यांच्या कबरी एवढ्या होत्या की या म्हणीचा खरेपणा त्यांस कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. ख्रिस्टालर यांनी काम सोडिले नाही. आबुरीनंतर क्येबी येथे त्यांनी सेवा केली. परंतु शरीर थकले होते. 1868 साली त्यांनी आफ्रिका सोडिली ती कायमची. त्यांचे वय तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

दूर राहून केलेली सेवा

कोणास वाटेल की येथे चरित्र संपले. खरे पाहता त्यांच्या कामाचा मोठा भाग पुढेच आहे. प्रथम शोर्नडोर्फ येथे व नंतर श्टुटगार्ट येथे राहून त्यांनी आणखी सत्तावीस वर्षे त्वी भाषेचीच सेवा केली. संपूर्ण पवित्र शास्त्र 1871 साली निघाले. मोठे व्याकरण 1875 साली झाले. म्हणींचा संग्रह 1879 साली व कोश 1881 साली छापला गेला. 1883 साली त्या देशातील ख्रिस्ती लोकांकरिता एक वृत्तपत्र सुरू झाले, त्याचेही काम त्यांनी पाहिले. या विद्वत्तेबद्दल फ्रान्सच्या विद्वत्सभेने त्यांस व्होल्ने यांच्या नावाचे पारितोषिक दिले. कार्ल ख्रिश्चन राइनडोर्फ या आफ्रिकी पाळकाने आपल्या देशाचा जो इतिहास लिहिला व जो 1895 साली बासेल येथे छापला गेला, त्याचे हस्तलिखितही ख्रिस्टालर यांनी तपासून दिले. जो मनुष्य दुसऱ्याच्या भाषेवर खरे प्रेम करितो त्यास दुसऱ्याने आपला इतिहास आपण लिहावा याचाही आनंद होतो.

तीन हजार सहाशे म्हणी

या सर्व ग्रंथांत म्हणींचा संग्रह अगदी निराळा होय. त्यात तीन हजार सहाशे म्हणी आहेत. ख्रिस्टालर व इतर मिशनरी यांनी, आणि विशेषेकरून वर सांगितलेल्या आफ्रिकी सोबत्यांनी, त्या अनेक वर्षे गावोगाव वेचल्या. सर्व म्हणी केवळ त्वी भाषेत छापिल्या आहेत. जर्मन नाही, इंग्रजी नाही. यावरून हे पुस्तक कोणाकरिता होते ते उघड होते. युरोपातील जिज्ञासूंची करमणूक हा त्याचा हेतू नव्हता. ज्यांच्या म्हणी त्यांसच त्या परत द्यावयाच्या होत्या.

असे करण्यास कारण होते. त्वी लोकांच्या राजदरबारात सामान्य मनुष्य राजाशी समोरासमोर बोलत नाही. मधे ओक्येआमे नावाचा अधिकारी असतो. राजाचे बोलणे तो लोकांस सांगतो व लोकांचे राजास. हा मनुष्य म्हणींचे चालते बोलते भांडार असे. तंटा तोडावयाचा, सोयरीक जुळवावयाची, उद्दामास त्याची जागा दाखवावयाची, तर म्हण पुढे येई. शहाण्या मुलाशी म्हणीत बोलतात, उघड सांगत नाहीत, असे त्या लोकांचे मत आहे. म्हण समजणे हीच शहाणपणाची परीक्षा होती.

आता ख्रिस्ती झालेले लोक मात्र बासेल मिशनच्या रिवाजाप्रमाणे गावापासून वेगळ्या वस्तीत राहत. त्या वस्तीस सालेम म्हणत. तेथे शाळा होती, प्रार्थनामंदिर होते, व्यवस्थित घरे होती. मूर्तिपूजा व व्यसने यांपासून नव्या विश्वासणाऱ्यांचे रक्षण व्हावे हा त्यातील हेतू चांगला होता. परंतु तोटाही होता. सालेममध्ये वाढलेला मुलगा राजदरबारापासून, म्हाताऱ्यांच्या पंगतीपासून व म्हणींपासून दूर पडू लागला. किनाऱ्यावरील शहरांत तर दुसरीच ओढ होती. इंग्रजी आले म्हणजे कचेरीत व व्यापाऱ्याच्या पेढीत जागा मिळे, म्हणून पुष्कळांस आपली भाषा ही अडाण्यांची बोली वाटू लागली. बाप मुलास इंग्रजी शिकविण्याचा आग्रह धरी आणि आजीचे बोलणे मुलास समजेनासे होई.

हे पाहून ख्रिस्टालर यांस जी काळजी वाटली ती त्यांनी या संग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. तिचा सारांश असा. आफ्रिकेच्या ज्या लोकांस ख्रिस्ती शिक्षणाचा लाभ झाला त्यांनी त्याचा पुरता उपयोग करावा. पण आपल्या लोकांनी सत्याच्या ज्या ठिणग्या जपून ठेविल्या आहेत त्यांस तुच्छ लेखू नये. त्यांच्या विचारांत शिरावे, चांगले असेल ते चांगले म्हणावे, चुकीचे असेल ते दाखवून द्यावे, म्हणजे आपल्याच बांधवांच्या अंतःकरणापर्यंत वाट मिळेल. एका परदेशी मिशनऱ्याने आपल्याच शिष्यांस हे सांगावे, आणि तेही 1879 साली, ही लहान गोष्ट नव्हे.

त्या म्हणींतील शहाणपणाची थोडी चव वाचकांनी घ्यावी. एक म्हण सांगते की ज्या जनावरास शेपूट नाही त्याच्या अंगावरील माशा देवच हाकलतो. आपल्याकडे ज्याला कोणी नाही त्याला देव आहे असे म्हणतात, परंतु गाईगुरांत राहणाऱ्या शेतकऱ्यास हे शेपटाचे चित्र किती चटकन समजेल! दुसरी म्हणते की देवास काही सांगावयाचे असेल तर वाऱ्यास सांगावे, कारण वारा जेथे नाही अशी जागा नाही. तिसरी सांगते की सर्व माणसे देवाची लेकरे आहेत, मातीचे लेकरू कोणीच नव्हे. गुलामांचा व्यापार ज्या किनाऱ्यावरून शेकडो वर्षे चालला, त्याच किनाऱ्यामागील डोंगरांत ही म्हण लोकांच्या तोंडी होती. माणसांची खरेदी करणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी व विक्री करणाऱ्या तेथल्याच सरदारांनी ती मनावर घेतली असती तर किती आयांचे अश्रू वाचले असते! आणखी एक म्हण आपलीच वाटावी अशी आहे. हाताची सर्व बोटे सारखी नसतात, असे तेही म्हणतात. हजारो कोसांवरील दोन रानांत एकच फूल उमलावे तसे हे झाले.

सर्व म्हणी अर्थातच शुभवर्तमानाशी जुळणाऱ्या नाहीत. सूडाच्या, संशयाच्या व मतलबाच्या म्हणी प्रत्येक देशात असतात, आपल्यातही आहेत. माणसाच्या अंतःकरणात जे आहे ते सर्व म्हणीत उतरते. म्हणून म्हण ही पवित्र शास्त्राच्या जागी बसत नाही. परंतु जमिनीचा पोत पाहिल्यावाचून पेरणी करणारा शेतकरी मूर्ख म्हणावा लागतो, आणि म्हणी हा त्या जमिनीचा पोत होय.

फळ

ख्रिस्टालर 16 डिसेंबर 1895 रोजी श्टुटगार्ट येथे प्रभूमध्ये झोपी गेले. त्यांचे एक पुत्र थिओडोर यांनी कॅमेरून देशात शिक्षकाचे काम करून तेथील दुआला भाषेचा अभ्यास केला, व बापाच्या पाठोपाठ 1896 साली तेथेच देह ठेविला.

म्हणींचा संग्रह मात्र जिवंत राहिला. 1916 साली रॅट्रे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतील 830 म्हणी निवडून इंग्रजीत आणिल्या. त्याने पुस्तकाच्या उपनावात या लोकांस रानटी म्हटले. पण पुढे त्यांच्यात राहून त्यांच्या चालीरीतींचा आदराने अभ्यास करण्यातच त्याने आयुष्याची वर्षे घालविली. कोशाची दुसरी आवृत्ती 1933 साली निघाली. सर्व तीन हजार सहाशे म्हणींचे इंग्रजी भाषांतर 1990 साली प्रसिद्ध झाले.

याहून मोठे फळ त्यांच्याच देशबांधवांत दिसते. ज्या डिसेंबर महिन्यात ख्रिस्टालर वारले त्याच महिन्यात त्या देशात एक बालक जन्मास आले. त्याचा बाप पूर्वी राजाच्या पदरी मुख्य नगारची होता व पुढे बासेल मिशनचा सुवार्तिक झाला. तो बालक म्हणजे घानाच्या स्वातंत्र्यचळवळीतील प्रसिद्ध पुढारी जे. बी. डांक्वा. आपल्या लोकांचा देवाविषयीचा विचार काय आहे यावर त्यांनी 1944 साली ग्रंथ लिहिला, तेव्हा ख्रिस्टालर यांनी जमविलेल्या म्हणी त्यांस मोठा आधार झाल्या. तसेच आक्रोफी नावाच्या घानातील विद्वान गृहस्थांनी त्वी भाषेत त्वीचे व्याकरण लिहिले आणि 1958 साली म्हणींचा स्वतःचा संग्रह काढिला. शिष्यांच्या शिष्यांनी वारसा आपल्या हाती घेतला. किनाऱ्यावरील फांटी लोकांची व डोंगरावरील लोकांची लेखनपद्धती एक व्हावी हा ख्रिस्टालर यांचा हेतू त्यांच्या हयातीत साधला नाही, परंतु तशी एक पद्धती 1978 साली ठरविण्यात आली.

आपल्याकरिता बोध

प्रिय वाचकहो, हे चरित्र सुवर्णकिनाऱ्याचे असले तरी त्यातील धडा आपल्या गावच्या मंडळीपासून दूर नाही. आपल्या मराठीतील म्हणीही मॅनवेरिंग नावाच्या एका मिशनरी साहेबांनी गोळा करून 1899 साली इंग्रजी अर्थासह प्रसिद्ध केल्या होत्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व ओवी यांतून ख्रिस्ताचे गुण गाइले, तेव्हा कित्येक अडाणी बाया पहिल्यानेच समजून डोलू लागल्या. परभाषेत ऐकलेली गोष्ट कानापर्यंत जाते, आणि आपल्या भाषेत ऐकलेली काळजापर्यंत जाते.

ख्रिस्टालर यांचे मोठेपण केवळ त्यांच्या बुद्धीत नव्हते. ज्यांस शिकवावयाचे त्यांच्याकडून आधी शिकावयाचे, ही नम्रता त्यांस देवाने दिली होती. ते मोठ्या डोळ्यांचे पाहुणे म्हणून आले व गावाचे होऊन राहिले. आपल्यांपैकी कोणी शिक्षक आहे, कोणी पाळक आहे, कोणी परगावाहून सून होऊन आलेली आहे. प्रत्येकास कोठे ना कोठे परक्यांत राहावे लागते. तेथे आपले तेवढे खरे व इतरांचे सर्व खोटे अशा भावनेने वावरणाऱ्यास गाव दिसत नाही.

आपल्या घरी म्हातारी आजी असेल तर तिच्या तोंडी असलेल्या म्हणी व ओव्या या आठवड्यात एका वहीत लिहून काढाव्या. जात्यावरचे गाणे तिच्याबरोबर संपून जाऊ देऊ नये. त्यात जे खरे आहे त्याबद्दल देवाचे उपकार मानावे, जे खोटे आहे ते शास्त्राच्या उजेडात पाहावे. ज्या प्रभूने पेरणाऱ्याच्या, हरवलेल्या मेंढराच्या व पिठात घातलेल्या खमिराच्या साध्या दाखल्यांनी स्वर्गाचे राज्य सांगितले, त्यास घरातील व शेतातील बोलणे कधी हलके वाटले नाही. आपणांसही ते वाटू नये.